गच्चीवरची अकरा घरं

"कोन नाही?"

कुठल्याही खोलीत शिरला की तो आधी हे विचारायचा. आपण विचारतो, कोण कोण आलं? त्याचं उलट. सकाळी ऑफिसच्या दारात चपला काढायच्या (चपला काढून आत येणारा आमच्याकडे तो एकटाच), मान जरा वाकडी करून सगळ्या टेबलांवरून नजर फिरवायची आणि म्हणायचं, "आज कोन नाही गा?" शिपाई नामदेव कप विसळता विसळता सांगायचा, "सगळे हायेत बाप्पा. तूच नव्हता, तू बी आला." तरी याचं समाधान व्हायचं नाही. तो बोटानं मोजायचा. माणसं नाही, खुर्च्या.

तुम्हीही अशी एखादी व्यक्ती पाहिली असेल. भरल्या पंगतीत तिची नजर रिकाम्या पाटाकडेच जाते. आपण हसतो आणि वाढून घेतो. आम्हीही हसायचो.

मी त्याचा साहेब होतो. नोकरीत असताना त्याला अरे-तुरे करत होतो आणि इथेही तसंच लिहितो आहे. आता अचानक 'अहो' म्हटलं तर ते मलाच खोटं वाटेल. त्याचं नाव लिहिणार नाही. ते का, हे पुढे कळेल.

आमचं ऑफिस नागपूरच्या रामदासपेठेत, हाडांच्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. काम विचित्र होतं. कुठे मोठा भूकंप झाला की नुकसान किती झालं याचा अंदाज काढायचा. आणि पुढे कुठे झाला तर किती होईल, याचे ठोकताळे बसवायचे. किती घरं, किती गुरं, किती दिवसांची मजुरी बुडाली. पायाला प्लास्टर घातलेले पेशंट चुकून एक जिना जास्त चढून आमच्या दारात धापा टाकत उभे राहायचे. नामदेव त्यांना सांगायचा, "खाली जा भाऊ. हाडं खाली जोडते. इथं नुसती पडलेली घरं मोजते."

तो होता गणक, घरोघर फिरून मोजणी करणारा. रोजंदारीवरचा. पंधरा वर्षं रोज कन्हानहून यायचा आणि प्रत्येक मार्चमध्ये "यंदा कायम होनार" असं बायकोला सांगायचा. मी ज्या वर्षाबद्दल लिहितो आहे, त्या वर्षी कायम करायच्या लोकांची यादी खरोखरच निघाली होती आणि तिच्यात त्याचं नाव होतं. यादी पाहिली त्या दिवशी त्यानं सगळ्यांना तर्री-पोहे खिलवले आणि माझ्या प्लेटमध्ये तर्री जास्त घालायला लावली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. तो म्हणाला, "साहेब, रडा रडा. चांगल्या गोष्टीले बी रडावं लागते कधी."

त्याच वर्षी, इथून दोन दिवसांच्या प्रवासावर असलेल्या एका डोंगराळ भागात, सकाळी चुली पेटायच्या वेळेला भूकंप झाला. आमची तुकडी गेली. मी मोठ्या गावातल्या विश्रामगृहात बसून फॉर्म तपासत होतो. तो गावोगाव फिरत होता.

फॉर्मवर घराचा प्रकार असायचा, भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, पडझड किती, जनावरं, अवजारं, भांडी. तो या सगळ्यांच्या आधी एक प्रश्न विचारायचा. तो फॉर्मवर नव्हता. "इथं काय बंद पडलं?" लोक आधी गोंधळायचे. मग सांगायचे. दळण बंद पडलं, कारण गिरणीवाला गेला. बाळंतपणं शेजारच्या गावात जायला लागली. एका गावात म्हाताऱ्यांच्या सुईत दोरा ओवून देणारी एक बाई होती, ती नाही म्हणून गोधड्या शिवायच्या राहिल्या. एका गल्लीत लोकांनी सांगितलं की संध्याकाळी कोणी भांडत नाही. दोन जावा होत्या, त्या रोज भांडायच्या. तो हे सगळं स्वतःच्या वहीत लिहून घ्यायचा. मी विचारलं, "हे कोणत्या रकान्यात टाकणार?"

"तेच तुम्हाले विचारून राहिलो साहेब. रकानाच नाही."

तिथल्या एका गावात, नदीकडच्या उतारावर, सलग अकरा घरं अशी होती की त्यांच्यात कोणीच उरलं नव्हतं. आणि आमचा नियम असा होता की फॉर्मच्या तळाशी 'माहिती देणाऱ्याचे नाव व सही अथवा अंगठा' हवा, आणि तो त्याच घरातल्या माणसाचा हवा. खोटे दावे येऊ नयेत म्हणून केलेला नियम. घरातलं कोणी नसेल तर फॉर्म नाही. फॉर्म नाही तर नुकसान नाही. अहवालात त्या घरासमोर लिहायचं: निरंक.

नागपूरला परत आल्यावर तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला. बसला नाही.

"साहेब, ज्याचं अर्धं गेलं त्याचं नुकसान अर्धं. बरोबर?"

"बरोबर."

"ज्याचं सगळं गेलं त्याचं निरंक. हे कसं काय?"

मी नियम वाचून दाखवला. त्यानं तो शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाला, "शेजाऱ्यांनी मले घरन् घर सांगितलं हाय. कुठं चूल, कुठं खाट, कोन कुठं बसे. वहीत हाय सगळं. पन कागदावर बसून नाही राहिलं ते. मी गच्चीवर बसवून पाहतो."

मला वाटलं काहीतरी बोलतो आहे. चार दिवसांनी, थंडीच्या दिवसांतल्या दुपारी, डबे घेऊन आम्ही नेहमीप्रमाणे उन्हाला गच्चीवर गेलो, तर गच्चीभर पांढऱ्या रेघा. मैदानावर खेळासाठी मारतात ती फक्की. शाळेतून पोतं आणून, दोरी धरून त्यानं अकरा घरं आखली होती, खऱ्या मापाची. काही छोटी पाण्याच्या टाकीखाली सरकली होती, पण गल्ली गल्लीसारखी होती, दारं दारांच्या जागी. तो मधे उभा होता. हात कोपरापर्यंत पांढरे.

"या," तो म्हणाला. "बसा आपापल्या घरी."

आधी हसाहशी झाली. टायपिस्ट कुंदाबाई म्हणाल्या, "माझं घर गांधीबागेत आहे बाबा, तिथंच बरं आहे." त्यानं त्यांना तिसऱ्या घरात नेलं. नामदेवला टाकीजवळच्या. हिशेबनीस, दोन कारकून, झाडूवाली बाई, एकेकाला एकेक घर. मी कोपऱ्यातल्या घरात. "तुम्ही इथले आजोबा," तो मला म्हणाला. "सात मानसं हायेत तुमच्या घरी."

मी डबा मांडीवर घेऊन बसलो.

"साहेब, हात जरा उचला. डाव्या अंगाले पोट्टी बसते, नात तुमची."

मी हात उचलला. का उचलला ते आजही सांगता येत नाही. तिथली फरशी गरम होती. उन्हाची असणार.

मग त्यानं वही उघडली आणि एकेका घराला विचारत निघाला. चूल कुठं? कुंदाबाई हसत हसत बसल्या होत्या. त्या एकदम थांबल्या, तोंड टाकीकडे वळवून म्हणाल्या, "इकडं. धूर इकडून जातो." त्यानं वहीत पाहिलं आणि खूण केली. मी नंतर वही मागून पाहिली. खिडकी त्याच भिंतीत होती. नामदेवला विचारलं, शेळ्या किती? "दोन," नामदेव म्हणाला. "एक गाभन हाय." आणि मग आपणच दचकून म्हणाला, "मी काहून बोललो हे?"

वहीत दोन शेळ्या होत्या. एक गाभण.

तुम्ही म्हणाल, नामदेवनं आधी वही चाळली असेल. मीही तेच म्हणालो. वही ज्याची होती त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "चाळायची काय गरज साहेब? गरिबाच्या घरी दोनच शेळ्या असते, आन् चुलीले खिडकी असतेच. आपल्याच घरचं सांगितलं त्यांनी." हे उत्तर त्याचं होतं, आणि ते बरोबरही असेल. पण त्या दुपारी डबे कोणी उघडले नाहीत. कुंदाबाईंनी सोललेलं संत्रं तसंच हातात होतं. उठायची वेळ झाली तेव्हा कोणी रेघ ओलांडली नाही. सगळे आपापल्या दारातून बाहेर पडले. नामदेवचं दार टाकीच्या बाजूला होतं, तो बिचारा अंग चोरून टाकीखालून वाकत आला.

रेघा तशाच राहिल्या. पाण्याची टाकी बघायला वर जाणारी माणसंही पुढचे कितीतरी दिवस गल्लीतून चालायची. एकदा खालच्या दवाखान्यातला वॉर्डबॉय चादरी वाळत घालायला सरळ घरांवरून चालत गेला, तर कुंदाबाई जिन्यातून ओरडल्या, "अरे, कोणाच्या चुलीत पाय देतोस!" मग स्वतःच लाजल्या.

तीन दिवसांनी त्यानं अकरा फॉर्म भरून माझ्यासमोर ठेवले. प्रत्येक रकाना भरलेला. तळाची जागा रिकामी.

"इथं कोनाचं नाव लिहू, साहेब?"

मी त्या दिवसांत नीट झोपत नव्हतो. उठताना डावा हात जपून उचलत होतो. मी म्हणालो, "ज्याचं घर त्याचं लिही."

"आन् अंगठा?"

"तुझा लाव. वर कोण बघतं? बाकी मी पाहून घेईन."

हे शब्द माझे आहेत. हे मी आता लिहून देतो आहे. त्यानं माझ्यासमोर, माझ्या टेबलावरच्या पॅडवर अंगठा टेकवून अकरा फॉर्मवर उठवला. प्रत्येक वेळी अंगठा पुसला. अकराव्याला, म्हणजे कोपऱ्यातल्या घराला, तो थांबला आणि म्हणाला, "हे तुम्ही लावता का? तुमचं घर हाय." मी हसलो. म्हणालो, "चल, काहीतरीच." त्यानं तोही स्वतःचाच उठवला.

वर बघणारा होता. त्याच्या अंगठ्यावर विळ्यानं कापल्याची जुनी तिरपी खूण होती, आणि ती अकरा वेगवेगळ्या नावांखाली सारखीच उमटली होती. चौकशी लागली. मेलेल्या माणसांच्या नावानं फॉर्म भरून भरपाई लाटण्याचा प्रयत्न, असा आरोप. त्यातली एकही भरपाई कोणाला मिळणार नव्हती. घ्यायलाच कोणी नव्हतं. पण हे चौकशीत विचारलं गेलं नाही. चौकशीत एकच विचारलं गेलं. आमच्याच ऑफिसात, अधिकारी टेबलापलीकडे, मी खुर्चीत, तो दाराशी उभा.

"तुम्ही याला तसं सांगितलं होतं?"

माझी बढतीची फाईल त्याच आठवड्यात वर गेली होती. मी म्हणालो, "नाही. मला याची कल्पना नव्हती."

अधिकाऱ्यानं त्याला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

तो माझ्याकडे पाहत होता. रागानं नाही. एखाद्या खोलीत शिरल्यावर पाहायचा तसा, खुर्चीकडे पाहिल्यासारखा. मग म्हणाला, "साहेब म्हनून राहिले तसंच असंल."

त्याला काढून टाकलं. कायमच्या यादीतून नाव गेलं. अकरा फॉर्म रद्द झाले आणि अहवालात नदीकडच्या त्या उतारासमोर निरंक छापून आलं. मला बढती मिळाली. पुढे त्या अहवालातले ठोकताळे आणखी किती अंदाजांत वापरले गेले, मला माहीत आहे, कारण ते वापरणाऱ्यांत मीही होतो. ज्या घरात कोणी उरत नाही त्या घराचं नुकसान शून्य, हे गृहीत धरून आम्ही अजून न झालेल्या भूकंपांचे आकडे काढत गेलो.

मी त्याला भेटायला गेलो नाही. वर्षं गेली. निवृत्त झालो, बायको गेली, मुलगी परदेशात. हे मी सहानुभूतीसाठी लिहीत नाही. एवढंच सांगायचं की मग घरात रोज दुपारी मी एकटा असायचो आणि डाव्या हाताशी कोणी बसलं आहे, असं वाटायचं. भीती वाटायची नाही. हात अवघडायचा.

गेल्या हिवाळ्यात म्हातारा झालेला नामदेव काठी टेकत आला आणि म्हणाला, "साहेब, तो गेला. कन्हानले." मी विचारलं, "कशानं?" नामदेव म्हणाला, "वयानं. अजून कशानं?" मग मान खाली घालून म्हणाला, "साहेब, तवा टेबलाजवळ मी चहा घेऊन उभा होतो. तुम्ही 'तुझा लाव' म्हनले ते ऐकलं होतं म्या. म्या बी नाही बोललो. नोकरी होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कन्हानला गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही. नाक्यावरच्या पानवाल्याला नाव सांगताच तो म्हणाला, "तो का? मेलेल्याचे अंगठे लावनारा?" इतक्या वर्षांनंतरही त्याची ओळख ती होती.

त्याची बायको दारात तांदूळ निवडत बसली होती. मी कोण ते सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं नाही. मी उभ्यानं सगळं सांगितलं. जे वर लिहिलं आहे तेच. ती खडे वेचत राहिली.

"मले काहून सांगता?" ती शेवटी म्हणाली. "मले माहीत होतं. त्यानं त्याच दिवशी सांगितलं होतं. बाहेर सांगा."

"बाहेर?"

"गल्लीत. माह्या पोरीचं लग्न मोडलं होतं या गोष्टीनं. दुकानवाला उधार देत नव्हता, म्हने मेलेल्याले लुटनारा हा, मले सोडंल का? त्याले सांगा."

मी गल्लीत उभा राहिलो. दुकानदार होता, नळावरच्या दोन बायका होत्या, पुलियावर बसलेले तीन म्हातारे. मी सांगितलं की अंगठे मी लावायला सांगितले होते, त्यात चोरी नव्हती, आणि मी खोटं बोललो. मग एक म्हातारा म्हणाला, "तवा काहून नाही सांगितलं जी?"

"बढती होती," मी म्हणालो.

"भेटली?"

"हो."

"बरं झालं बाप्पा," म्हातारा म्हणाला आणि थुंकला. नळावरची एक बाई दुसरीला म्हणाली, "चाल वं, भर पानी."

मी परत दाराशी आलो. आता ती उभी होती. "हेच लिहून द्या," ती म्हणाली. "नात वाचते माही. पन त्याचं नाव नका टाकू. त्याच्या नावाचे कागद बम झाले, पुरे आता. तुमचं टाका."

मी होय म्हणालो. निघालो तेव्हा तिनं मागून विचारलं, "साहेब, तुम्ही शेवटचं कवा पाहिलं त्याले?"

मी सांगितलं, चौकशीच्या खोलीत. ते खोटं होतं. सवय जात नाही. बसमध्ये बसल्यावर ते लक्षात आलं, म्हणून खरं ते इथे लिहितो.

चौकशी संपल्यावर तो जिना उतरून गेला नाही, चढून गेला. थोड्या वेळानं मीही वर गेलो, का ते माहीत नाही. गच्चीच्या दाराआड थांबलो. दुपारचं स्वच्छ ऊन होतं. त्याच्या हातात टाकीतून भरलेली बादली होती. तो पहिल्या घराच्या दाराशी जाऊन उभा राहिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "उठा माय. झालं आता. चाला." जरा वेळ थांबला, कोणाला तरी वाट दिल्यासारखा बाजूला झाला, आणि मग पाणी ओतलं. रेघा वाहून गेल्या. मग दुसरं घर. "उठा भाऊ. शेळ्या सोडा." पाणी. असं एकेक घर करत तो गल्लीच्या टोकाला आला. प्रत्येक दाराशी तेवढाच वेळ थांबत होता, जेवढा त्या घरातल्या माणसांना लागला असता.

कोपऱ्यातल्या घरापाशी तो बराच वेळ उभा राहिला. दोनदा काहीतरी म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही. मग बादली खाली ठेवून, मी तिथे आहे हे आधीपासून माहीत असल्यासारखा, तो दाराकडे वळला.

"साहेब, तुमच्या घरचे उठून नाही राहिले," तो म्हणाला. "माह्यं नाही ऐकत ते. तुम्ही सांगा."

मी जिना उतरलो. खाली येऊन टेबलाशी बसलो आणि वर पाणी ओतल्याचा आवाज येईल म्हणून ऐकत राहिलो. तो आवाज आला नाही.